तेरड्याचा रंग आणि माहेरचा उंबरा

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर ती निरोप घेते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत या दिवसांचे रूप काही आगळेच असते. लावणीचा शीण उतरलेला असतो, भातखाचरे हिरवीगार झालेली असतात, माहुलीच्या सुळक्यांवर ढग विसावलेले असतात आणि शेताच्या बांधांवर तेरडा फुललेला असतो. त्याच तेरड्याच्या डहाळ्यांची गौर करून ती वाजतगाजत घरी आणावयाची, उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत तिची पावले रेखावयाची, तिला स्वयंपाकघर, धान्याची कणगी, गुरांचा गोठा असे सारे घर फिरवून दाखवावयाचे, आणि मगच आसनावर बसवावयाचे, ही कोकणातील घराघरांची रीत. गौरी ही माहेरवाशीण. 'हे सारे तुझेच आहे, तू येथे परकी नाहीस,' एवढेच त्या फेरीतून तिला सांगावयाचे असते.

परंतु तेरड्याविषयी आपल्याकडे एक म्हणही आहे, आणि ती काही सुखाची नव्हे. तेरड्याचा रंग तीन दिवस! देवीची माहेरवाशीण तीन दिवसांनी जाणार हे ठाऊक असल्यामुळे तिचे कौतुक करणे सोपे जाते. पण जी लेक अनुराधा नक्षत्र पाहून येत नाही, जी एखाद्या अवेळी, मूल कडेवर आणि कपड्यांची पिशवी हातात घेऊन दारात उभी राहते, आणि जी तीन दिवसांत परत जाणार नसते, तिच्या वाट्याला काय येते? पहिल्या दिवशी आईचे अश्रू, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची चौकशी, आणि तिसऱ्या दिवशी 'मग परत कधी जातेस?' हा प्रश्न. म्हण खरी ठरते ती येथे. गौरीच्या सणाच्या निमित्ताने आम्हांला आज या प्रश्नाचाच विचार वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

हा विषय सणाच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गौरीच्या कथेतच आहे. असुरांच्या छळाने गांजलेल्या स्त्रिया महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या आणि तिने त्या छळाचा अंत केला, अशी ही कथा घरोघरी सांगितली जाते. म्हणजे या व्रताचे मूळच पीडित स्त्रियांना दिलेल्या अभयात आहे. त्या स्त्रियांना देवीने 'तुम्ही तरी असे काय केलेत?' असे विचारल्याचे कोणतीही कथा सांगत नाही. तिने आधी आश्रय दिला. ज्या घरात ही कथा भक्तिभावाने ऐकली जाते, त्या घराने छळ सोसून आलेल्या स्त्रीला उलटतपासणीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे त्या कथेशी विसंगत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भांड्याला भांडे लागतेच, असे म्हटले जाते आणि ते खोटे नाही. कोणताही संसार वादावाचून होत नाही. मात्र कुरबूर आणि छळ यांतील भेद ओळखण्याची दृष्टी आपल्याला असली पाहिजे. कुरबुरीत दोघेही बोलतात. छळात एक बोलतो आणि दुसऱ्याने बोलावे की नाही हेही तोच ठरवतो. कुरबुरीनंतर राग येतो. छळानंतर भय उरते. पावलांचा आवाज ऐकून जेथे बायकोच्या हातातील भाकरी थबकते, माहेरी निरोप धाडण्यासही जिला परवानगी लागते, स्वतःच्या मजुरीचे पैसे जिला मोजून द्यावे लागतात, आणि 'तुला काही कळत नाही' हे वाक्य जिने इतक्या वेळा ऐकलेले असते की अखेरीस तेच तिला खरे वाटू लागते, तेथे प्रश्न भांड्यांचा राहिलेला नसतो. अंगावरचे वळ महिन्या-पंधरा दिवसांत मावळतात. मनावरचा वळ असा की, मनुष्य स्वतःकडेच छळणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. अशी स्त्री माहेरी आली तरी ताटावर बसताना संकोचते, पेला हातून पडला तर दहा वेळा क्षमा मागते, 'काय करू?' असे साध्या साध्या गोष्टींतही विचारते. घरचे म्हणतात, ही किती बदलली! वस्तुतः ती बदललेली नसते. तिची स्वतःवरची श्रद्धा मोडलेली असते. ती पुन्हा उभी करणे हेच खरे काम, आणि ते तिच्या एकटीचे नव्हे.

आपल्या परंपरेत टाकलेल्या स्त्रीची उदाहरणे थोडी नाहीत. मात्र त्या कथांमधील आश्रयदात्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गर्भवती सीता वनात सोडली गेली तेव्हा वाल्मीकींनी तिला आश्रमात नेले, तिच्या मुलांना वाढवले, विद्या दिली, आणि वेळ आली तेव्हा भर सभेत तिच्या पावित्र्याची ग्वाही दिली. शकुंतलेची कथा तर या प्रदेशाच्या अगदी जवळची. मुरबाडकडून वाहत येणाऱ्या काळू नदीच्या तीरी टिटवाळा वसलेले आहे. तेथे कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून तेथे गणेशाची स्थापना व उपासना केली, अशी लोकश्रद्धा आहे. पुढे माधवराव पेशव्यांच्या काळी त्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. शहापूर-मुरबाडची असंख्य कुटुंबे दर अंगारकीला तेथे दर्शनाला जातात, आणि या गणपतीकडे विवाह जुळावा, दुरावलेले मन जुळावे म्हणून नवस बोलले जातात.

परंतु महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला केवळ नवस बोलणारी नाही. राजसभेत दुष्यंत तिला ओळख देत नाही, तेव्हा ती भर दरबारात त्याला सत्याचे मोल सुनावते, पत्नी म्हणजे काय आणि पुत्र म्हणजे काय हे सांगते, आणि तू स्वीकारले नाहीस तरी माझा पुत्र ही पृथ्वी सांभाळील, असे बजावून निघून जाण्यास सिद्ध होते. आकाशवाणी होते ती त्यानंतर. आपले मोल राजाच्या ओळखीवर अवलंबून नाही, हे तिने आधी जाणले, आणि मग देवांनी तिच्या बाजूने साक्ष दिली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

याच्या उलट बाजूचीही कथा पुराणांत आहे. सती आपल्या पित्याच्या, दक्षाच्या यज्ञाला माहेरी गेली आणि तेथे अपमानच तिच्या वाट्याला आला. त्यातून काय अनर्थ ओढवला हे सर्वांना ठाऊक आहे. प्रसंग निराळा, कारण निराळे. तथापि लेकीचा अवमान करणाऱ्या माहेराचा यज्ञ सिद्धीस जात नाही, हा त्यातील बोध कोणत्याही काळी लागू पडणारा आहे.

पुराणे सोडून संतांच्या काळाकडे यावे तर संत बहिणाबाईंचे चरित्र समोर उभे राहते. १६२८ साली वेरूळजवळील देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंचे लग्न बालवयातच त्यांच्याहून पुष्कळ मोठ्या असलेल्या बिजवराशी झाले. कोल्हापुरात कथाकीर्तनात रमणाऱ्या या मुलीला पतीने मारहाण केली, बांधून ठेवले, आणि हे सारे तिने पुढे स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवले. सतराव्या शतकातील एका विवाहित स्त्रीने आपल्या घरातील मार लपवला नाही, याची नोंद आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. पतीचा विरोध असतानाही तिने तुकोबांना गुरू मानले. पुढे पतीचे मन पालटले आणि तो संसार टिकला, हे खरे. पण म्हणून मार सोसत राहणे हाच धर्म, असा अर्थ त्यातून काढणे हा बहिणाबाईंवर अन्याय होईल. बाहेरून कोणी कितीही हिणवले तरी आतील साक्षी मलिन होत नाही, ही जाणीव त्यांना भक्तीने दिली. आत्मसन्मानाचा याहून खोल पाया कोणता असणार?

आधुनिक काळात हाच पाया एका मुंबईकर मराठी स्त्रीने आपल्या जगण्यातून दाखवून दिला. रखमाबाई १८६४ साली जन्मल्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. मोठ्या झाल्यावर, आपल्या संमतीवाचून झालेले हे लग्न आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पतीने न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ साली मात्र, पतीकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्यानंतर त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या मे महिन्यात आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाईंनी देह ठेवला.

या चरित्रात आम्हांला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आणि त्यांची आई उभी होती. माहेरचा उंबरा त्यांच्यासाठी बंद झाला नाही. दुसरी, खटला संपल्यावर त्या त्याच्या कडवटपणात गुंतून राहिल्या नाहीत; त्यांनी काम हाती घेतले. आश्रय आणि काम या दोन पायांवरच मोडलेले मन पुन्हा उभे राहते.

हे सारे मान्य करूनही, सामान्य घरातील माणसाच्या मनात काही शंका असतातच, आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार? गावकीत तोंड कसे दाखवावे? दोन एकर भाताच्या शेतीत आणखी दोन तोंडे कशी पोसावीत? भावजयीला काय वाटेल? या चिंता खऱ्या आहेत. तरीही आम्ही विचारतो, परत धाडलेली लेक उद्या विहिरीत सापडली तर त्या गावकीत तोंड दाखविणे अधिक सोपे होईल काय? जे स्थळ थोरल्या बहिणीला आश्रय दिला म्हणून मोडते, ते धाकटीच्या छळाच्या वेळी काय करील, याचे उत्तर त्या मोडण्यातच मिळालेले असते. भावजयीचे म्हणाल तर तीही कोणाची तरी लेक आहे. या घरात नणंदेला आश्रय मिळाला, तर आपल्या वेळीही न्याय होईल, हा विश्वास तिलाच प्रथम लाभतो.

मग घराने करावे तरी काय? फार मोठे असे काही नाही. पण जे करावयाचे ते सातत्याने करावयास हवे. प्रथम तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा. तिने सारे एका दमात सांगावे असा आग्रह धरू नये. भातुकलीसारखी तिची कहाणी आल्यागेल्यापुढे मांडू नये. तिला शांत झोप आणि वेळेवर जेवण मिळावे. घरातील लहानसहान निर्णय तिच्यावर सोपवावेत. आज भाजी कोणती करावयाची, मुलाला कोणत्या शाळेत घालावयाचे, बाजारातून काय आणावयाचे, हे तिने ठरवावे. कारण जिच्याकडून निर्णय हिरावून घेतले गेले, तिची शक्ती निर्णय घेऊनच परत येते. पहिल्या काही दिवसांत ती चुकेल, घाबरेल, क्वचित छळणाऱ्याचीच बाजूही घेईल. यात नवल नाही. वर्षानुवर्षे ज्या सावलीत राहिलो ती विषारी असली तरी तिची सवय जडते. त्यावरून तिला टोचून बोलू नये.

दुसरी गोष्ट कामाची. तिने फुकटची मोलकरीण म्हणून राबावे, हा आमचा अर्थ नव्हे. माहेरी आलेली लेक पहाटेपासून रात्रीपर्यंत खपते आणि तरी 'आमच्यावर भार' म्हणवून घेते, असे चित्र पुष्कळ घरांत दिसते. छळाचे ते दुसरे रूपच आहे. काम असे हवे की ज्याचा मोबदला तिच्या नावे बँकेत जमा होईल. शिवणकाम असो, भाजीपाला असो, आसनगावहून लोकलने जाऊन करावयाची नोकरी असो, की गावच्या बचत गटातील उद्योग असो. स्वतःच्या नावाचे पुस्तक हाती आले की मान वर होते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून राज्यात हेच सूत्र धरून काम करीत आले आहे. गटाच्या बैठकीत आपले नाव पुकारले जाते आणि आपण हजर म्हणतो, हे छोटेसे वाटेल. पण जिला वर्षानुवर्षे कोणी नावाने हाक मारली नाही, तिला विचारावे!

तिसरी गोष्ट प्रकृतीची. लेक गप्प बसते, जेवत नाही, रात्री दचकून उठते म्हणून तिला बाधा झाली असे समजून भगताकडे किंवा देवऋष्याकडे नेण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप गेलेली नाही. देवावरील श्रद्धा निराळी आणि दुःखी जिवाला अंगाऱ्याधुपाऱ्यात गुदमरविणे निराळे. भयाने खचलेले मन हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. शहापूर व मुरबाड येथील सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही विनामूल्य सरकारी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. देवीपुढे दिवा लावावा आणि वैद्याकडेही जावे. या दोहोंत विरोध मुळीच नाही.

कायदाही आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. पतीकडून वा सासरकडून होणारी क्रूरता हा १९८३ पासून फौजदारी गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ साली अमलात आला. त्यात मारहाणीबरोबरच अपमान, धमकी आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाचार मानले असून, राहत्या घराचा हक्क, संरक्षण आणि खर्च मागण्याची सोय आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी साहाय्य मिळते. तातडीच्या प्रसंगी १८१ व ११२ हे दूरध्वनी आहेत. आणखी एक गोष्ट माहेरच्या मंडळींनी मुद्दाम ध्यानी घ्यावी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच टाकलेल्या वा विभक्त झालेल्या लेकीला पित्याच्या पश्चात त्याच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला होता; २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत तिला भावाच्या बरोबरीचे स्थान दिले. तेव्हा माहेरी आलेली लेक ही कोणाच्या उपकारावर राहत नाही. ती आपल्या घरी राहते.

समेट होऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. पतीला खरोखरच पश्चात्ताप झाला, त्याने व्यसन सोडले, चारचौघांत जबाबदारी पत्करली, आणि मुख्य म्हणजे त्या स्त्रीला भयावाचून, स्वतःच्या मनाने परत जावेसे वाटले, तर संसार पुन्हा उभा राहावा. त्यात आनंदच आहे. परंतु तो निर्णय तिचा असावा. तिच्या वतीने पंचांनी, मामांनी वा मध्यस्थांनी बैठकीत चहा पिता पिता तो उरकू नये.

अखेरची गोष्ट ही आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि ती सर्वस्वी आपल्या, म्हणजे देवाधर्माचे करणाऱ्या घरांच्या हातची आहे. गौरीपूजनाच्या दिवशी हळदीकुंकू होते, सवाष्णी जेवू घातल्या जातात. त्या वेळी माहेरी राहणारी ही लेक कोठे असते? पुष्कळदा ती मागील दारी भांडी घाशीत असते. तिला कोणी 'येऊ नकोस' म्हणत नाही. फक्त बोलावीत नाही. सहा महिन्यांच्या मायेने जे उभे राहिलेले असते, ते एका सायंकाळी ढासळते. पतीच्या असण्यानसण्यावर स्त्रीचे मोल ठरविण्याची ही रूढी आता तरी सोडली पाहिजे.

हे अशक्य आहे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जे एका गावाला साधले ते शहापूर आणि मुरबाडच्या गावांना का साधू नये? त्याच ठरावात परत आलेल्या, टाकलेल्या, विभक्त झालेल्या लेकींचा मान आम्ही राखू, एवढे एक वाक्य घालावे. आणि ही कल्पना पाखंडी वाटत असेल, त्यांनी मुरबाडकडून नाणेघाट चढून जावे. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. पतीच्या पश्चात व्रतस्थ राहिलेल्या त्या राणीच्या लेखात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची लांबलचक यादी कोरलेली आहे. आपल्या पूर्वजांनी एका पतिहीन स्त्रीचे कर्तृत्व दगडावर कोरून ठेवले. आपल्याला तिच्या कपाळी कुंकवाचे बोट टेकविणे जड जावे काय?

यंदा गौर घरात फिरवाल तेव्हा घरच्या लेकीला बरोबर घ्या. ताम्हन तिच्या हाती द्या. कणगी, गोठा, देव्हारा हे सारे जसे देवीला दाखविता, तसे तिलाही मनोमन सांगा की, हे तुझे आहे. संध्याकाळी हळदीकुंकवाचा पहिला मान तिला द्या, आणि शेजारच्या घरी अशी कोणी असेल तर तिला बोलावणे धाडा. मूळ नक्षत्रावर तेरड्याची गौर नदीवर जाईल. भातसेच्या अन् काळूच्या पाण्यात तो रंग विरून जाईल. लेकीचा मान मात्र त्याबरोबर वाहून जाऊ देऊ नये. तिला त्या दिवशी निरोप द्यावयाचा नाही.